शेततळ्यातील हवेच्या चकतीची बैठक

अवर्षणप्रवण तालुक्यांत शेततळे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली आणि त्यानंतर सांगोला, जत, आटपाडी, सिन्नर यांसारख्या कमी पावसाच्या भागांत तळ्यांची संख्या पुष्कळच वाढली. प्लॅस्टिकचा कागद अंथरून पाणी साठवावयाचे व ते उन्हाळ्यात डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेस पुरवावयाचे, हा या तळ्यांचा मूळ हेतू होय. परंतु पाणी सात-आठ महिने उभे राहतेच, तर त्यात मासे का वाढवू नयेत, असा विचार करून अनेक शेतकऱ्यांनी कटला, रोहू व मृगळ यांची बोटुकली सोडण्यास सुरुवात केली. विचार योग्य आहे. त्याबरोबर जी एक अडचण येते, तिच्यासंबंधी येथे लिहावयाचे आहे.

नदीचे पाणी वाहते, गावतळ्यावर वारा खेळतो. शेततळे मात्र उंच बांधाच्या आत, खोल आणि निवाऱ्यात असते. दिवसा वरचा थर तापून हलका होतो, खालचा थंड व जड राहतो, आणि हे दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. वरच्या पाण्यास हवेतून व शेवाळापासून प्राणवायू मिळतो. तळच्या पाण्यास तो मिळत नाही, उलट तळाशी कुजणारा गाळ आहे तोही खाऊन टाकतो. ३० अंश सेल्सिअस तपमानास एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच्या सुमारास प्राणवायू विरघळून राहू शकतो. माशांस तो ५ मिलिग्रॅम तरी हवा. ३ च्या खाली गेला की मासे कासावीस होतात. रात्री शेवाळसुद्धा प्राणवायू घेते, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत वाईट. दोन-तीन दिवस आभाळ भरून राहिले की पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठावर येऊन तोंडे उघडझाप करताना दिसतात, ते याच कारणाने.

यावर एक उपाय म्हणून काठावर हवा फेकणारे यंत्र, म्हणजे ब्लोअर, ठेवतात व नळीने ती हवा तळाशी ठेवलेल्या सच्छिद्र रबरी चकतीतून सोडतात. या चकतीस बाजारात डिफ्यूझर म्हणतात. तिच्यातून निघालेले बारीक बुडबुडे वर जाताना तळचे पाणी आपल्याबरोबर ओढून वर नेतात. बुडबुड्यांपासून पाण्यास प्राणवायू मिळतोच. पण तळचे पाणी वर आणून त्यास हवा खावयास लावणे, हे त्यांचे मोठे काम. चकती जितकी खोल, तितके हे काम चांगले. दीड मीटरच्या उथळ तळ्यात चकतीचा फारसा लाभ नाही. तेथे पाणी उडविणारे चाकाचे यंत्र बरे. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांत काम करणाऱ्या बांधवांनी हे ध्यानात ठेवून मगच पुढील मजकूर वाचावा.

ब्लोअर किती अश्वशक्तीचा, चकती कोणत्या कंपनीची, किंमत काय, याची चौकशी सर्वजण करतात. ती चकती तळाशी कशावर बसवावयाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. आणि कोणी विचारलेच तर आम्ही नीट सांगत नाही. ही चूक माझ्या हातून घडलेली आहे.

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. सांगोला तालुक्यातील एका डाळिंब बागायतदारांनी आपल्या ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळ्यात जुलैअखेर बोटुकली सोडली होती. मासे चांगले वाढत होते. त्यांनी ब्लोअर व चार चकत्या आणल्या आणि बसविण्यापूर्वी मला विचारले. वयाने वडील असल्यामुळे मी त्यांना तात्याच म्हणतो. मला पुढील गावी सभेस जावयाचे होते. “तात्या, प्रत्येक चकतीला काहीतरी वजन बांधा आणि सोडा तळाला,” एवढे सांगून मी निघालो. ते ‘काहीतरी’ म्हणजे किती आणि कसले, हे मी सांगितले नाही, कारण त्याचा हिशेब मी स्वतःच कधी केलेला नव्हता.

तात्यांनी प्रत्येक चकतीस एकेक वीट बांधली व सायंकाळी चारही चकत्या सोडल्या. त्या तळाशी जाऊन बसल्या. रात्री दहाला वीज आल्यावर ब्लोअर सुरू केला. पाण्यावर भरपूर बुडबुडे दिसू लागले, तेव्हा सर्व मंडळी समाधानाने घरी गेली. पुढे तीन दिवस आभाळ होते. चौथ्या दिवशी पहाटे मला दूरध्वनी आला. जाऊन पाहतो तो मासे वर येऊन तडफडत होते आणि काठाशी मृगळ मरून पडलेले होते. मृगळ तळाशी चरणारा मासा. तळच्या पाण्याचा दोष त्यास प्रथम भोवतो. नळ्या हळूच ओढून पाहिल्या, तेव्हा दोन चकत्या तळ सोडून पाण्याच्या मध्यावर लोंबकळत होत्या आणि दोन कलंडून एकाच कडेने हवा सोडीत होत्या. वरचे पाणी तेवढे खळबळत होते. तळास हवेचा स्पर्शही नव्हता.

“साहेब, तुम्ही सांगितलं तसं वजन बांधलं की हो,” तात्या म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. दोन पाट्या भरतील इतके मासे त्या दिवशी गेले.

विटेचा हिशेब मी नंतर घरी येऊन केला. पदार्थ पाण्यात बुडविला म्हणजे तो जितके पाणी बाजूला सारतो, तितके त्याचे वजन कमी भरते, हे आपण सर्वजण शाळेत शिकलो आहोत. विहिरीतून भरलेली घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते व बाहेर येताच हातास ओढ बसते, हा अनुभव घरोघरचा आहे. सुमारे ३ किलोची वीट पाण्यात दीड किलोच्या आसपासच भरते. काँक्रीटचा १० किलोचा ठोकळा पाण्यात ५ किलो ८०० ग्रॅम भरतो. आपल्याकडचा काळा दगड १० किलोचा असेल तर तो साडेसहा किलो भरतो. लोखंड मात्र फार थोडे हलके होते. १० किलोचे पावणेनऊ किलो राहते. तेव्हा बैठकीचे वजन काठावर तोलून ठरवू नये, पाण्यात तोलून ठरवावे. यासाठी मोठे साधन लागत नाही. ताणकाट्यास दोरीने वस्तू अडकवावी व ती हौदात पूर्ण बुडवावी. काटा जे दाखवील तेच तिचे उपयोगी वजन.

आता या वजनाच्या विरुद्ध काय ओढते ते पाहू. तात्यांनी हवेसाठी ठिबकची १६ मिलिमीटरची साधी काळी नळी वापरली होती. ही नळी दर मीटरला २०० मिलिलिटर पाणी बाजूला सारते आणि तिचे स्वतःचे वजन मीटरला ५० ग्रॅमच्या जवळपास असते. म्हणजे आत हवा भरली की प्रत्येक मीटर नळी १५० ग्रॅमच्या जोराने वर येऊ पाहते. तळ्याचा उतार एकास एक असल्यामुळे काठापासून तळापर्यंत उतारावर सव्वाचार मीटर व तेथून मध्यापर्यंत १२ मीटर, अशी सुमारे १६ मीटर नळी पाण्यात होती. तिची उचल २ किलो ४०० ग्रॅम झाली. यातील निम्मा भार काठाच्या टोकावर पडतो असे धरले, तरी चकतीच्या वाट्यास १ किलो २०० ग्रॅम येतात. चकतीच्या पोटातील हवेचा अर्धा किलो धरला की बेरीज १ किलो ७०० ग्रॅम होते. वीट होती दीड किलोची. शिवाय नळी ताणून बसविलेली असेल तर ती चकतीस आडवीही ओढते, आणि कागदावर शेवाळाचा बुळबुळीत थर धरलेला असल्यामुळे आडव्या ओढीने वीट सरकण्यास वेळ लागत नाही.

मग सायंकाळी त्या चकत्या तळाशी कशा राहिल्या? ब्लोअर बंद असताना नळीत पाणी शिरलेले होते. पाणी भरलेल्या नळीस उचल नसते. यंत्र सुरू होऊन नळीतील पाणी हवेने बाहेर लोटले गेले, की मगच ती वर उठते. ग्रामपातळीवर काम करणाऱ्या बांधवांनी हा एक मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. ब्लोअर बंद ठेवून केलेली परीक्षा ही परीक्षाच नव्हे. हवा चालू ठेवून चकती अर्धा तास तरी जागेवर राहते की नाही, हे पाहिल्याशिवाय काठ सोडू नये.

तात्यांची गोष्ट येथे संपली असती तर बरे झाले असते. वीट हलकी ठरली म्हणून त्यांनी दारे-खिडक्या बनविणाऱ्या कारागिराकडून लोखंडी अँगलच्या तिवया करून घेतल्या, त्यांवर दगड बांधले व काठावरून दोरीने उतारावर घसरत सोडल्या. वजन आता भरपूर होते. चकत्या जागच्या हलल्या नाहीत. पण एका तिवईचा पाय ५०० मायक्रॉनच्या कागदातून आरपार गेला. दहा-बारा दिवसांत पाणी नेहमीच्या बाष्पीभवनापेक्षा वीतभर अधिक उतरले, तेव्हा ते ध्यानात आले. भोक शोधण्यासाठी तळे उपसावे लागले, मासे अपुऱ्या वाढीचे असतानाच विकावे लागले, आणि बागेने हस्त बहार धरलेला असताना हाताशी असलेले पाणी गेले. एका पूर्ण भरलेल्या अशा तळ्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. माशांचे बीज पुढील वर्षी पुन्हा मिळते. अवर्षणाच्या तालुक्यात मार्गशीर्षात गेलेले पाणी पुढील पावसाळ्यापर्यंत कोणी देत नाही. तात्यांनी त्या वर्षी टँकरने पाणी घालून झाडे जगविली, फळ सोडून दिले.

हलकी बैठक नको व अणकुचीदार बैठक नको, एवढे यावरून कळले. पुढे दोन हंगाम निरनिराळ्या तळ्यांवर करून पाहिल्यानंतर दोन प्रकारच्या बैठका मला समाधानकारक वाटल्या. दोन्ही घरच्या घरी होतात.

पहिली घमेल्याची. प्लॅस्टिकचे जाड घमेले घ्यावे. त्याचे बूड सपाट व शक्य तितके रुंद असावे. गोल बुडाचे घमेले डुलते, ते घेऊ नये. प्रथम त्यात ५ लिटर पाणी मापाने ओतून कोठवर येते तेथे खूण करावी. तितके काँक्रीट म्हणजे सुमारे १२ किलो, आणि पाण्यात ७ किलो. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू व चार भाग बारीक खडी हे प्रमाण पुरेसे आहे. पाणी बेताचेच घालावे. पातळ कालवलेले काँक्रीट पुढे चिरते. ५० किलोच्या एका पोत्यात अशा सुमारे ३० बैठका होतात, तेव्हा चार बैठकांसाठी पोते विकत आणण्याचे कारण नाही, घराच्या कामातून उरलेले ७ किलो सिमेंट पुरते. मात्र ते ढेकळे धरलेले नसावे.

घमेल्याच्या मध्यभागी एक इंची पीव्हीसी नळीचा ३० सेंटिमीटर तुकडा उभा करावा. त्याचे खालचे तोंड टोपीने बंद करावे, टोपीच्या वर भोके पाडून त्यातून वीतभर सळईचा तुकडा आडवा घालावा व तो पूर्णपणे काँक्रीटमध्ये बुडेल असे पाहावे, म्हणजे खांब पुढे उपटून येत नाही. वरच्या तोंडास टी जोडावयाचा: टीच्या बाजूच्या तोंडात हवेची नळी आणि वरच्या तोंडावर चकती. अशा रीतीने चकती तळापासून सुमारे ३० सेंटिमीटर वर राहते. हे अंतर मुद्दाम ठेवावयाचे. चकती थेट तळावर ठेवली तर बुडबुडे गाळ उकरतात, पाणी गढूळ होते व बंद असताना चकतीवर गाळ बसून तिची छिद्रे बुजतात. याहून फार वर ठेवली तर तिच्याखालचे पाणी जसेच्या तसे राहते.

काँक्रीट ओले असतानाच खांब ओळंब्यात आहे की नाही ते पाहावे व चकती तात्पुरती बसवून तिच्यावर पाणसळ ठेवून दोन दिशांनी तपासावे. चकती वाकडी राहिली तर हवा उंच बाजूनेच निघून जाते, कारण तेथे पाण्याचा दाब कमी असतो. सखल बाजू रिकामी राहते. चारही बैठकांची उंची सारखी ठेवण्याचे कारणही हेच. एक चकती इतरांपेक्षा दहा सेंटिमीटर वर असली, तरी हवा तिकडेच धावते. काठावर प्रत्येक नळीस स्वतंत्र कॉक ठेवला तर यात थोडी दुरुस्ती करता येते, पण मुळात सारखेपणा राखणे सोपे.

उचलण्यासाठी घमेल्याच्या कडेच्या आत तीन ठिकाणी बोटभर जाड नायलॉनच्या दोरीचे फास ठेवावे व त्यांच्या गाठी काँक्रीटमध्ये पुराव्या. सळईच्या कड्या करू नयेत. बैठक कलंडली तर त्या कागदास लागतात. काँक्रीट घट्ट झाल्यावर घमेले काढूच नये. तेच कागदाचे संरक्षण करते. तात्यांच्या घरी यावर थोडा वाद झाला, कारण चार घमेली कायमची तळ्यात गेली. परंतु नवा कागद अंथरण्याच्या खर्चापुढे घमेल्याची किंमत ती काय! बैठक दहा दिवस ओल्या पोत्याखाली ठेवून मुरवावी. ज्या हौदात गुरे पाणी पितात त्यात ती भिजत घालू नये, कारण ताज्या सिमेंटमधील चुना पाण्यात उतरतो. तळ्याच्या पाण्याच्या मानाने तो नगण्य आहे, हौदाच्या पाण्यास नगण्य नव्हे.

दुसरी बैठक वाळूची. सच्छिद्र रबरी नळीची वेटोळी वापरावयाची असतील तर घमेल्यापेक्षा चौकट सोयीची. ६३ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपाची ७५ सेंटिमीटर बाजूची चौकट चार एल्बो लावून करावी, जोडण्यापूर्वी पाइपात धुतलेली वाळू ठासून भरावी, आणि वर छोटे उभे तुकडे जोडून त्यांवर रबरी नळी बांधावी. यात एक गोम आहे. चौकट हवाबंद केली तर वाळूच्या कणांमधील पोकळीत हवा अडकून राहते आणि एक लिटर वाळू पाण्यात जेमतेम ६०० ग्रॅम भरते. तीच चौकट ठिकठिकाणी बारीक भोके पाडून आत पाणी जाऊ दिले, तर ती पोकळी पाण्याने भरते व लिटरमागे एक किलो वजन मिळते. ३ मीटर घेराच्या चौकटीत हा फरक ३ किलोंहून अधिक होतो. भोकांवर आतून कापडाची पट्टी लावावी, नाही तर वाळू गळून जाईल. भोके खालच्या व वरच्या दोन्ही अंगांस असावी, म्हणजे पाणी खालून शिरून हवा वरून निघते. चौकट हौदात बुडविल्यावर बुडबुडे थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच ताणकाट्यास लावावी.

खताच्या गोणीत वाळू भरून तीवर चकती बांधण्याची पद्धत काही ठिकाणी पाहिली. वजन मिळते, पण गोणी सारखी बसत नाही, चकती तिरपी होते. नाइलाज असेल तरच करावी.

नळीसाठीही वजने हवीत. बैठक कितीही जड केली तरी नळी मधल्या भागात कमानीसारखी वर उठून मासे धरण्याच्या जाळ्यात अडकते. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या कापून त्यांत पावशेर लिटर काँक्रीट भरावे, ओले असतानाच त्यात नळीचा जुना तुकडा अर्धा दाबून खाच पाडावी, आणि मुरल्यावर अशी वजने दर दीड मीटरला नळीखाली बांधावी. प्रत्येकाचे पाण्यातील वजन ३५० ग्रॅम भरते आणि दीड मीटर नळीची उचल सव्वादोनशे ग्रॅम असते, तेव्हा नळी तळाशी स्वस्थ पडून राहते. बांधण्यास तार वापरू नये, जुन्या ठिबक नळीच्या पट्ट्या किंवा नायलॉनची सुतळी वापरावी. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजने घरात असतात म्हणून ती कोणी वापरू पाहील. शिसे विषारी आहे, बागेच्या पाण्यात ते नको.

बैठक तळ्यात सोडणे हे काम सर्वांत जपून करावयाचे. कागदाच्या तळ्याचा उतार ओला झाला म्हणजे चांगल्या पोहणाऱ्यासही वर चढता येत नाही. शेततळ्यांत माणसे व मुले बुडाल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. या कामासाठी कोणीही पाण्यात उतरू नये, आणि तशी गरजही नाही. वीस लिटरचा झाकणाचा रिकामा डबा घ्यावा. तो २० किलो भार पाण्यावर तोलून धरतो. डब्याच्या खाली एक मजबूत कडी बांधावी. बैठकीच्या तीन फासांची दोरी एकत्र करून ती या कडीतून ओवावी व तिचे टोक काठावर हातात धरावे. समोरच्या काठावरील गड्याने डब्यास बांधलेली दुसरी दोरी धरावी. उतारावर जुन्या कागदाची चार पदरी घडी किंवा जुनी सतरंजी अंथरून तिच्यावरून बैठक अलगद पाण्यात सरकवावी. ती डब्याखाली लटकली की समोरच्याने डबा ओढून मध्यावर न्यावा, आणि मग अलीकडच्याने दोरी हळूहळू सैल सोडावी. बैठक सरळ खाली जाते, कलंडत नाही व घसटतही नाही. पुढे बैठक वर काढावयाची तेव्हा हीच दोरी ओढावी; बैठक डब्यापर्यंत वर येते व मग दोन्ही काठांवर आणता येते. डबा तेथेच खुणेसाठी राहू द्यावा. त्यावर चकतीचा क्रमांक रंगवावा.

बैठकीची जागा तळ्याच्या खोल भागात, पण मोटरच्या फूटव्हॉल्व्हपासून दूर ठरवावी. बुडबुडे फूटव्हॉल्व्हच्या आसपास आले तर मोटर हवा धरते व पाणी उचलत नाही; शिवाय हललेला गाळ ठिबकच्या फिल्टरमध्ये येतो. बागेस पाणी देण्याच्या वेळी जवळची चकती बंद ठेवलेली बरी.

सर्व जागेवर बसले म्हणून पहिल्याच रात्री ब्लोअर रात्रभर चालवू नये. बरेच दिवस न हललेल्या तळच्या पाण्यात प्राणवायू नसतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू साठलेला असतो. ते सर्व पाणी एकदम वर आले तर ज्या माशांस वाचविण्यासाठी हा खटाटोप केला, तेच मासे सकाळी मेलेले दिसतील. पहिल्या दिवशी सकाळी ऊन चढल्यावर अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, तिसऱ्या दिवशी दोन तास, असे दुप्पट करीत आठवड्याभराने रात्रीच्या पूर्ण वेळेवर यावे. यात उतावीळ होऊन नुकसान करून घेतलेले शेतकरी मी पाहिले आहेत. जेथे रात्री विजेचा भरवसा नाही, तेथे पहाटे दोन ते सूर्योदय एवढा वेळ तरी ब्लोअर चालेल अशी बॅटरीची व्यवस्था असावी. कमी वेळ मिळणार असेल तर तो सायंकाळी न घालविता पहाटेसाठी राखावा. ब्लोअर पाण्याच्या पातळीहून उंच, छपराखाली व भूतारेस जोडलेला असावा, आणि नळीत एकमार्गी झडप असावी, म्हणजे वीज गेल्यावर पाणी मागे यंत्रात येत नाही. यंत्रातून निघणारी हवा गरम असते, म्हणून पहिले दोन-तीन मीटर लोखंडी पाइप लावून पुढे प्लॅस्टिकची नळी जोडावी.

दोन-तीन महिन्यांनी एकदा बैठक वर काढून चकती पाहावी. क्षाराचे पाणी असलेल्या गावी रबरावर पांढरा थर धरतो. चकती सोडवून घरी न्यावी, पातळ व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून मऊ ब्रशाने घासावी व स्वच्छ धुऊन मग बसवावी. याच वेळी घमेल्याच्या बुडावरून हात फिरवून ते तडकले असल्यास बैठक बदलावी, कारण तडकलेल्या प्लॅस्टिकची कड कागद कापते. फाल्गुन-चैत्रात पाणी दीड मीटरवर आले की चकत्या काढून घ्याव्या, बैठका तेथेच राहू दिल्या तरी चालते. तात्या मात्र त्याही काढतात व गोठ्याच्या भिंतीशी ओळीने मांडून ठेवतात.